सेकंड शिफ्टचं घर

प्रश्न असा आला आहे: "मी नाशिकची, सिडकोत वाढले. तीन भावंडांवर कादंबरी लिहिली आहे. वडील अंबडच्या कंपनीत, दारू पितात. आई शिवणकाम करते. मोठी ताई, मधला मुलगा आणि छोटी. ३१० पानं झाली. चौघांना वाचायला दिली. चौघंही म्हणाले रडू आलं, पण दोघांनी अर्ध्यावरच ठेवून दिली. पहिली तीन प्रकरणं पाठवते आहे. कुठे चुकतंय? गोष्ट कुणाच्या तोंडून सांगू? आणि माझा भाऊ म्हणतो, हे लिहूच नकोस. त्याचं काय करू?"

तू माझ्या मुलीच्या वयाची असशील, म्हणून सरळ अगं-तुगं करते.

तीन प्रकरणं दोनदा वाचली. एकदा पलंगावर पडून, एकदा पेन्सिल घेऊन. सव्वीस वर्षं लोकांची हस्तलिखितं वाचण्यात गेली माझी. दारुड्या बापाच्या कादंबऱ्या त्यात इतक्या आल्या, की पहिल्या पानावर रात्रीचं दार वाजलं की पुढची दहा पानं मी न वाचता सांगते. तुझ्याही पहिल्या पानावर दार वाजतं. पप्पा येतात, ताट भिरकावतात, वरण भिंतीवर ओघळतं, आई कोपऱ्यात, मुलं गोधडीत. हे सगळं खरं असेल. खरं आहे म्हणून ते कादंबरीत उभं राहतंच असं मात्र नाही.

तू म्हणतेस कादंबरी भावंडांची आहे, आणि लिहिली आहेस पप्पांची. पेन्सिल घेऊन मोजलं. तीन प्रकरणं, सत्तेचाळीस पानं, आणि त्यात तिघं भावंडं एकमेकांशी बोलतात ती वाक्यं अकरा. त्यातली चार "गप्प बस" अशी. तिघांना तू एकच काम दिलं आहेस, घाबरण्याचं, आणि ते तिघंही शाळेतल्या कवायतीसारखं एका तालात करतात. तुझ्या दोन वाचकांनी पुस्तक अर्ध्यावर ठेवलं ते दुःख जास्त झालं म्हणून नव्हे. दुसऱ्यांदा दार वाजलं तेव्हा पहिल्यापेक्षा वेगळं काही कळलं नाही, म्हणून ठेवलं.

आता चौतिसावं पान काढ. तिथे तीन ओळींत तू सांगून टाकलंस की मागच्या खोलीच्या दाराआड कॅलेंडर होतं आणि त्यावर ताई दर आठवड्याला पप्पांची शिफ्ट लिहून ठेवायची. 'फ', 'से', 'ना'. फर्स्ट, सेकंड, नाइट. तीन ओळी, आणि लगेच पुढे पळालीस! अगं, तुझी कादंबरी तिथे आहे.

ज्यांचे वडील ठरल्या वेळी ऑफिसातून येतात त्यांना हे कळणार नाही. अंबड-सातपूरच्या घरात घड्याळ भिंतीवर नसतं, बापाच्या पाळीत असतं. फर्स्टला पप्पा पहाटे जाणार, साडेतीन-चारला सुटणार, म्हणजे मुलं शाळेतून यायच्या वेळी ते घरी असतील किंवा घरी नसून दुसरीकडे असतील, आणि त्या दोन्हींचे अर्थ वेगळे. सेकंड म्हणजे संध्याकाळ मोकळी, घरात टीव्ही मोठ्या आवाजात, गॅसवर काहीतरी परतलं जातंय, पण मध्यरात्री दार. नाइट म्हणजे रात्र सुखाची आणि दिवस चोरपावलांचा, कारण झोपलेल्या माणसाच्या घरात भांडंही वाजवायचं नाही. शिवाय तुझ्या कादंबरीतल्या कंपनीला शनिवारी सुट्टी आहे, जशी आपल्याकडे बऱ्याच कारखान्यांना असते, आणि मुलांना रविवारी. तेव्हा शुक्रवारची रात्र आणि शनिवारची सकाळची शाळा यांत काय काय घडू शकतं ते तूच सांग. पगाराची तारीख अजून मी धरलेलीच नाही.

बारा वर्षांच्या मुलीने हा तक्ता का ठेवला? कुणी सांगितलं नव्हतं. तिने स्वतःच ती ड्युटी लावून घेतली. मधल्याची ड्युटी वेगळी असणार: गाडीचा आवाज ओळखणं. एम-एटी कोपऱ्यावर वळताना गियर कसा पडतो यावरून पप्पा किती प्यायलेत हे त्याला कळत असणार. छोटीची ड्युटी आणखी वेगळी, ती बहुधा हसवायची. म्हणजे पप्पा कंपनीत पाळ्या करत होते आणि घरात ही तीन मुलंही. कुणाची ड्युटी कोणती, ती कुणाच्या गळ्यात कशी पडली, कुणी ती चुकवली, आणि एक दिवस कुणी ती सोडून दिली, एवढा हिशोब तुला ३१० पानांना पुरतो. पप्पा त्यात हवामानासारखे असू देत. पाऊस सगळ्या गोष्टींवर पडतो, पण गोष्ट पावसाची नसते.

आता तिघं एका तालात घाबरतात त्याविषयी. भावंडं एका घरात वाढतात हे अर्धंच खरं. एक सोपं काम कर. ताईचा जन्म तू १९९१चा धरला आहेस, मधल्याचा १९९४, छोटीचा १९९९. कागदावर आडव्या ओळीत वर्षं लिही, उभ्या ओळीत तिघं. २००३च्या सिंहस्थ कुंभमेळ्यात ताई बारा, मधला नऊ, छोटी चार. सप्टेंबर २००८च्या पुरात सतरा, चौदा, नऊ. २०१५च्या सिंहस्थात चोवीस, एकवीस, सोळा. आता घराचा इतिहास या तक्त्यावर ठेव. पप्पा आधी पीत नव्हते असं तू पृष्ठ ९ वर म्हणतेस, कंपनीत कायम होईपर्यंत सगळं बरं होतं. म्हणजे ताईला पप्पांची पाच-सहा चांगली वर्षं आठवतात. मधल्याला एखादा दिवस आठवतो, तोही त्याचा स्वतःचा की ताईने सांगितलेला हे त्याला पक्कं माहीत नाही. छोटीला काहीच आठवत नाही. तिच्या लेखी पप्पा असेच असतात. ताईचं काहीतरी हरवलं आहे, छोटीचं काही हरवलेलंच नाही, कारण तिला ते कधी मिळालं नाही. मग त्या दोघी एकाच रात्री सारख्याच कशा रडतील? ताई रडेल तेव्हा छोटी तिच्याकडे बघून चक्रावेल. मधला चिडेल तो पप्पांवर नाही, ताईवर, कारण "पप्पा असे नव्हते रे" हे वाक्य तिने पुन्हा उच्चारलं.

सिंहस्थाचं मी सहज म्हटलं नाही. नाशिककर वय सिंहस्थात मोजतात. गुरू सिंह राशीत आला की बारा वर्षं झाली, आणि घरोघरी वाक्य ठरलेलं: मागच्या वेळी तू कडेवर होतीस. २००३ ते २०१५ म्हणजे बरोबर एक फेरा, आणि मूल मोठं व्हायला जेवढा काळ लागतो साधारण तेवढाच. तुझी कादंबरी या दोन सिंहस्थांच्या मध्ये बसव असा माझा हट्ट नाही, पण ती आपोआप बसते आहे हे तुझ्या लक्षात आलेलं दिसत नाही. फक्त एक कर, साधू, पालख्या, रामकुंडावरची गर्दी यांची वर्णनं घालू नकोस. ती सगळ्यांनी केली आहेत. २००३च्या ऑगस्टमधली चेंगराचेंगरीही सजावटीला वापरू नकोस, तिथे माणसं गेली आहेत. तुझ्या मुलांना सिंहस्थ कसा भेटेल? शाळेला सुट्ट्या. बसचे मार्ग बदललेले. गावाहून आलेले पाहुणे, आणि परक्या माणसांसमोर पप्पा आठवडाभर शुद्धीत. मुलांच्या दृष्टीने सिंहस्थाचं पुण्य एवढंच. चार वर्षांच्या छोटीला वाटेल, पाहुणे कायमचे राहिले तर किती बरं. हे तू लिही, साधू मी टीव्हीवर बघेन.

पुराचंही तसंच. नवव्या प्रकरणात गोदावरीला पूर येतो आणि त्याच रात्री आई घर सोडते, असं तुझ्या सारांशात आहे. सिडकोत गोदेचं पाणी येत नाही, बाई. पूर तुझ्या घरात शिरत नाही, तो फक्त लेखिकेच्या सोयीसाठी आला आहे. पण नाशिककर पूर बघायला जातात! गोदापात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेला पाणी लागलं, छातीला लागलं, अशा बातम्या गावभर फिरतात, आणि अर्धं गाव छत्र्या घेऊन काठावर उभं. सतरा, चौदा आणि नऊ वर्षांची ही तिघं घरी न सांगता रिक्षाने पंचवटीकडे निघाली, पोलिसांनी पुढे सोडलं नाही, एका इमारतीच्या जिन्यातून त्यांनी ते गढूळ पाणी बघितलं, भिजली, गाड्यावरची भजी खाल्ली, आणि परत येताना कुणाच्याच लक्षात राहिलं नाही की आज पप्पांची कोणती शिफ्ट आहे. ताईच्यासुद्धा. तक्ता ठेवणारी मुलगी एक दिवस तक्ता विसरली. त्या दुपारी ती किती हसली असेल आणि रात्री तिने स्वतःला काय शिक्षा केली असेल, हे प्रकरण वाचायला मी पैसे देईन.

हसण्यावरून. तुझ्या सत्तेचाळीस पानांत कुणी हसत नाही. अशा घरातली पोरं खूप हसतात, तुलाही माहीत आहे. पप्पांच्या चालण्याची नक्कल होते, त्यांच्या अर्धवट वाक्यांची म्हण होते, शेजारच्या काकू भिंतीला कान लावतात हे ठाऊक असल्यामुळे मुद्दाम भलतंच मोठ्याने बोललं जातं. रो-हाउसची भिंत सामाईक असते, हे नाशिकच्या वाचकाला सांगावं लागत नाही. त्यात ती भारनियमनाची वर्षं. पंखे बंद पडले की अख्ख्या लायनीतल्या घरांचे आवाज बाहेर. दिवे गेल्यावर आवाज खाली घेणारं घर आणि तसंच चालू ठेवणारं घर, एवढ्या फरकावर एक प्रसंग उभा राहतो.

आणि एक चांगला दिवस हवाच. तुझे पप्पा पहिल्या पानापासून राक्षस आहेत, त्यामुळे मुलांचं त्यांच्याशी काही नातंच उरत नाही. तिघांना एका गाडीवर बसवून सोमेश्वरच्या धबधब्याला नेणारा बाप दाखव. रविवारी मिसळ, वर तर्री मागून घेणारा, छोटीसाठी दही. पोरं अशा दिवसानेच जास्त जायबंदी होतात. मार खाऊन मूल सावध होतं, पण असा रविवार त्याला पुन्हा भोळं करून टाकतो. मधला त्या रविवारनंतर तीन आठवडे कॅलेंडरकडे बघत नाही, आणि चौथ्या आठवड्यात काय होतं ते तुझ्याकडे आधीच लिहून तयार आहे, पान २१ वर. फक्त त्याच्या आधी रविवार नव्हता.

एक इशारा. तू पात्रांचं टिपण जोडलं आहेस त्यात 'कर्तबगार मूल', 'बळीचा बकरा', 'हरवलेलं मूल' आणि 'विदूषक' असे शब्द आहेत. व्यसनाधीन माणसाच्या घरात मुलं अशा भूमिका घेतात, असं समुपदेशक सांगतात, आणि घरातल्यांना स्वतःकडे बघायला त्याचा उपयोगही होतो. कादंबरीकाराने ते टिपण फाडून टाकावं. आयुष्यभर एकाच खुर्चीवर कोण बसतं? ताई अकरावीत नापास झाली तर? हसवणारी छोटी एक दिवस बोलायचीच बंद झाली तर विदूषकाची जागा घ्यायला कुणाला उठावं लागेल? खुर्च्या बदलतात तिथे मुलं मोठी होतात.

मुलं मोठी होण्याच्या अशा कादंबरीला मराठीत धड नावही नाही. 'वयात येणं' म्हटलं की मनात वेगळंच येतं. मला 'कळतं होणं' आवडतं. आपल्या आज्या म्हणायच्या, पोर कळती झाली. काय कळलं हे कुणी विचारत नसे, कारण कळलेलं बोलायचं नसतं, हेच मुख्यतः कळलेलं असायचं.

आता कुणाच्या तोंडून. तू पहिलं प्रकरण ताईच्या तोंडून लिहिलं आहेस, दुसरं लेखिकेच्या, तिसरं पुन्हा ताईच्या, पण मोठ्या झालेल्या. चाचपडते आहेस, ठीक आहे. "कोण सांगतंय" याच्याइतकाच "कुणाला सांगतंय" हा प्रश्न मोठा, आणि तो फार थोडे जण स्वतःला विचारतात. याच गावच्या तुरुंगात साने गुरुजींनी फेब्रुवारी १९३३मध्ये पाच दिवसांत 'श्यामची आई' लिहिलं. त्यातली प्रकरणं म्हणजे बेचाळीस रात्री, आणि प्रत्येक रात्री मोठा झालेला श्याम आश्रमातल्या मित्रांना सांगतो आहे. समोर माणसं बसली आहेत, ऐकताहेत, मधे बोलताहेत. त्या पुस्तकाचा सूर त्या बैठकीतून आला आहे. तुझी ताई हे कुणाला सांगते? नवऱ्याला? समुपदेशकाला? माझ्या मते तिने छोटीला सांगावं. ज्या वर्षांची छोटीला आठवण नाही ती वर्षं. त्यात मग ती काय गाळते, कुठे पप्पांना सांभाळून घेते, कुठे स्वतःला, हे वाचकाला दिसत राहील. आणि छोटी मधेच म्हणेल, "नाही ताई, असं नव्हतं. तू त्या दिवशी घरी नव्हतीस." हे वाक्य ज्या पानावर येईल तिथे तुझी कादंबरी दुसऱ्या पायावर उभी राहील.

इथे माझी एक चूक सांगते. बऱ्याच वर्षांपूर्वी एका मुलाची अशीच चार भावंडांची कादंबरी माझ्याकडे आली. त्यात सगळ्यांत धाकट्याला काहीच काम नव्हतं. तो नुसता पायरीवर बसलेला असायचा. मी त्याला काढायला लावलं. कथानक घट्ट झालं, पुस्तक निघालं, बरं चाललं. नंतर कधीतरी तो लेखक भेटला आणि म्हणाला, मॅडम, तो मी होतो. तेव्हापासून मी पायरीवर बसलेल्या माणसाला हात लावत नाही.

मराठीने तुला एक हत्यार फुकट दिलं आहे, ते वापर. 'आपण' आणि 'आम्ही'. समोरच्याला धरून बोललं तर आपण, त्याला बाहेर ठेवून बोललं तर आम्ही. "आपण मामाकडे जाऊ या का?" असं मधला ताईला विचारतो तेव्हा त्यात तिघं आहेत. पुढे ताईचं लग्न ठरल्यावर तो म्हणतो, "आम्ही बघू आईचं." या एका 'आम्ही'ने ताईला घराबाहेर काढलं. दोन पानांचं स्पष्टीकरण लिहायचं वाचलं. तुझ्या हस्तलिखितात हे दोन्ही शब्द कसेही पडले आहेत, एकदा फक्त त्यांच्यासाठी सगळी पानं वाच.

संबोधनंही तशीच. मुलं पप्पांना अहो-जाहो करतात, आईला अगं-तुगं. आई मुलांशी बोलताना नवऱ्याला "तुमचे पप्पा" म्हणते, शेजारणीशी "हे", आणि संतापली की "तुमचा बाप". मूल ताटावर बसल्या बसल्या कोणता शब्द आला यावरून रात्र कशी जाणार ते ओळखतं. मग एक दिवस मधला बापाला "ए" म्हणतो. तू सध्या त्या जागी त्याला बापाचा हात धरायला लावलं आहेस, सिनेमासारखा. हात नको धरू देऊस. नुसतं "ए, बस खाली" म्हणू दे. आणि पप्पा बसू देत. मुलगा चौदा वर्षांचा आहे आणि बाप ऐकतो, याची त्या मुलाला केवढी भीती वाटेल! तो पवननगरच्या टपरीवर मित्रांना दिवसभर "काय भो" करत फिरणारा पोरगा, पण त्या रात्री घरात त्याच्यापेक्षा मोठं माणूस उरत नाही.

काही गोष्टी तपासून घे, कारण इथे सहानुभूती चालत नाही, माहिती लागते. तुझ्या अठराव्या प्रकरणात पप्पा सप्तशृंगीला जाऊन शपथ घेतात आणि दुसऱ्या दिवसापासून ठणठणीत. वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्याने एकाएकी बंद केली की पहिल्या दिवसातच हात थरथरतात, घाम फुटतो, झोप उडते. काहींना आकडी येते. दोन-तीन दिवसांनी नको ते दिसायला लागतं, भिंतीवर किडे, दारात माणसं, आणि ती अवस्था जिवावर बेतू शकते. गडावरून परत येताना एसटीत पप्पांचे हात थरथरताहेत आणि ताईला वाटतंय देवीने शिक्षा दिली, असं लिहिलंस तर ते खरंही होईल आणि तुझ्या ताईचंही होईल.

दुसरं, आई वरणात कुणाच्या नकळत पुडी मिसळते, ते. आपल्याकडे हे घरोघरी झालं आहे. "गुपचूप दारू सोडवा" अशा जाहिराती भिंतींवर असायच्या. तू ते एका वाक्यात उरकलंस. दारूशी जमू न देणाऱ्या डायसल्फिरामसारख्या गोळ्या डॉक्टर रोग्याला सांगून, त्याच्या संमतीने देतात, कारण वर दारू प्यायली तर चेहरा लाल होतो, छाती धडधडते, ओकाऱ्या होतात, रक्तदाब घसरतो, माणूस दगावूही शकतो. आणि तुझ्या घरात ताट वाढायला कोण जातं? पान १२ वर तूच लिहिलं आहेस, मधला. म्हणजे नऊ-दहा वर्षांच्या मुलाच्या हातात ती वाटी आहे. त्याला माहीत आहे का? आईने सांगितलं का? ताईने? पप्पा ओकायला लागल्यावर तो कुणाकडे बघतो? तुझा भाऊ लिहू नको का म्हणतो, ते मला माहीत नाही. पण कादंबरीतल्या मधल्याला लिहू नकोस म्हणायचं असेल तर ते या वाटीमुळे म्हणावंसं वाटेल.

बारीकसारीक: २००४मध्ये आई पोलीस चौकीत जाते आणि हवालदार तिला कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा समजावतो. तो कायदा २००५चा, लागू झाला ऑक्टोबर २००६मध्ये. तेव्हा तिला बहुधा एक एनसी, म्हणजे अदखलपात्र तक्रारीची नोंद, मिळाली असती आणि "घरात मिटवा, बाई" हा सल्ला. असलं पुष्कळ सापडेल. सार्वजनिक वाचनालयात जाऊन बस, १८४०पासूनची संस्था आहे, जुने अंक चाळायला मिळतात का विचार. बातम्यांपेक्षा जाहिराती वाच, गाडी केवढ्याला होती, दहावीचे क्लास कुठले होते ते त्यातून कळतं.

मग शेवट. तुझ्या शेवटी पप्पा व्यसनमुक्ती केंद्रातून परत येतात, सगळे घाटावर जातात, सूर्य मावळतो. मी सूर्याला काही म्हणत नाही. पण पप्पांनी दारू सोडली की या मुलांचं काय होतं? ज्या कामासाठी ती अकरा-बारा वर्षं राबली ते कामच बंद पडलं. ताईला आता कॅलेंडरवर काय लिहायचं ते कळत नाही. मधल्याला गाडीचा आवाज आला की अजून घाम फुटतो, आणि आत येतो तो भाजीची पिशवी घेतलेला, वजन उतरलेला, लाजल्यासारखा हसणारा माणूस. हा माणूस मुलांना म्हणतो, "तुम्हाला माझी भीती का वाटते?" त्याला खरंच फारसं आठवत नसतं. मुलांना सगळं आठवतं. माफी मागायलाही त्याला आठवावं लागेल, आणि आठवण द्यायची ड्युटी कुणाची? कंपनी बंद पडली की कामगार गेटवर जमतात, तसं हे तिघं जमतील, दाराआडच्या त्या कॅलेंडरपाशी. भांडतील. आत्तापर्यंत भांडायला सवड नव्हती. हे भांडण चाळीस पानं चालू दे, घाई करू नकोस. तुझ्याकडे सूर्यास्ताची सहा पानं आहेत, ती दे त्याला.

पानांची काळजी तू विचारली नाहीस तरी सांगते, ३१०ची २२० होतील. दार वाजण्याचे प्रसंग सारांशात सात आहेत, दोन ठेव.

राहिला भाऊ. सगळे जण इथे मला विचारतात, कायद्याने काही होईल का. त्याचं उत्तर वकिलाकडून घे, मी वकील नाही. मला वाटतं ते असं. त्याची परवानगी मागू नकोस. 'हो' म्हणाला तर तू त्याला जपून लिहिशील, 'नाही' म्हणाला तर चोरून लिहिशील, दोन्हीही वाईट. जे त्याने तुला विश्वासाने सांगितलं आणि तू स्वतः पाहिलं नाहीस, ते वापरू नकोस. तेवढी एक रेघ मी आयुष्यभर पाळायला लावली आहे, आणि त्यामुळे एकही कादंबरी अडलेली नाही, कारण त्या जागी लेखकाला काहीतरी रचावं लागतं आणि रचलेलंच बहुधा जास्त खरं निघतं. बाकी जे तू पाहिलंस ते तुझंही आहे. मधल्याचा धंदा बदल, उंची बदल, त्याला तुझ्या भावाला कधीच न येणारं काहीतरी येऊ दे. माझ्याकडच्या एका बाईने आपल्या भावाला कादंबरीत उत्तम तबला वाजवायला लावला, त्यानंतर ते पात्र भावाला विसरून स्वतःच्या मनाने वागायला लागलं.

आणि त्याला हस्तलिखित देऊ नकोस. एखाद्या शनिवारी त्याला बोलाव, चहा ठेव आणि विचार: पप्पांची सेकंड असायची त्या संध्याकाळी आपण काय खायचो? 'आपण' म्हण. एवढंच विचार, आणि तो जे सांगेल ते तुझ्या आठवणीपेक्षा वेगळं असेल तर त्याला दुरुस्त करू नकोस. घरी येऊन लिहून काढ.

पुढच्या वेळी मला पहिलं प्रकरण पाठव ते कॅलेंडरपासून सुरू होणारं. पेन्सिल होती की पेन, तेही लिही. पप्पांची शिफ्ट बदलली की ताईला खोडायला लागायचं, म्हणजे मला वाटतं पेन्सिल असणार.